गोष्ट मुलांची, तब्येत झाडांची
वाचकांचे प्रश्न : मुलांसोबत कल्पनेतल्या बागा

या महिन्याचं सदर एकाच विषयाला दिलं आहे. पऱ्यांची बाग, डायनोसॉरचं जंगल, वेलींचा तंबू, झाडांनी लिहिलेलं नाव असं काहीबाही मुलांसोबत करू पाहणाऱ्या पालकांची आणि शिक्षकांची पत्रं बरीच साठली होती. त्यांतली वेगवेगळ्या अडचणींची निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीबरोबर पसरट कुंडीत इवलीशी ‘परीची बाग’ केली. तळाला खडी, वर माती, त्यात जेड, छोटं निवडुंग, नेचा आणि भिंतीवरून खरवडून आणलेलं शेवाळ. पुठ्ठ्याचं घर, मातीचं कुंपण. तीन आठवड्यांत निवडुंग बुडाशी कुजलं, नेचा वाळला, घर वाकलं. मुलगी हिरमुसली आहे. नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : मुख्य चूक जोडीची आहे. जेड आणि निवडुंगाला दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण कोरडी व्हायला हवी असते. नेच्याला आणि शेवाळाला ती कधीच कोरडी झालेली चालत नाही. एका कुंडीत दोघांना खूश ठेवता येत नाही. पाणी बेताचं दिलं तर नेचा जातो, जास्त दिलं तर निवडुंग. तुमच्याकडे दोन्ही झालं, म्हणजे पाणी कधी कमी, कधी जास्त असं झालं असणार. तेव्हा आधी परीचं घर कुठे आहे ते मुलीलाच विचारा : वाळवंटात की जंगलात? तिचं उत्तर आलं की झाडांची यादी आपोआप ठरते.

वाळवंट असेल तर जेड, हॉवर्थिया, एचेव्हेरिया आणि सेडम घ्या. माती एक भाग, गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू किंवा परलाइट दोन भाग. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यातल्या मिठानं मुळं जळतात. ३५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल कुंडीला आठ-दहा दिवसांनी ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी पुरतं. हवा दमट असेल तर आणखी उशिरा द्या. जंगल असेल तर लहान पानांचा नेचा, सेलाजिनेला, फिटोनिया, बारीक पानांचं पिलिया आणि हवं असेल तर शेवाळ. इथे कोकोपीट दोन भाग, पालापाचोळ्याचं खत एक भाग, माती एक भाग. ही कुंडी सावलीत, उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा आणि बोट दोन सेंटिमीटर खुपसून रोज ओल बघा. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते पाणी अंगानंच शोषतं. म्हणून त्याला झारीपेक्षा फवारा मानवतो, आणि उन्हात ते दोन दिवसही टिकत नाही.

तळाच्या खडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पुरती चिंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे खडीमुळे निचरा सुधारत तर नाहीच, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत ४ सेंटिमीटर खडी भरली की मुळांना उरतात जेमतेम ११. बुडाला १ सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडा, त्यांवर जाळीचा तुकडा ठेवा आणि थेट माती भरा. छान दिसणारी खडी वर, रस्ता करायला वापरा.

घराचं म्हणाल तर पुठ्ठा आणि न भाजलेली माती पाण्यापुढे टिकणारच नाहीत. चपटे दगड, करवंटी, झाडाची साल, भाजलेल्या मातीचे तुकडे चालतात. बाहुल्यांच्या पायाला तार बांधून ती ५ सेंटिमीटर मातीत खोचली की पाणी घालताना त्या आडव्या होत नाहीत. मापाचा एक ठोकताळा : बाहुली ७ सेंटिमीटरची असेल तर दार ९ सेंटिमीटरचं आणि झाडांची पानं शक्यतो एक सेंटिमीटरच्या आतली. मोठ्या पानाचं एक जरी झाड मध्ये आलं तरी सगळा देखावा एकदम ‘कुंडीत ठेवलेली खेळणी’ वाटू लागतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला डायनोसॉरचं जंगल हवंय, धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीसकट. गॅलरीत सकाळचं तीन-चार तास ऊन येतं. झाडं त्या काळातलीच हवीत असा त्याचा हट्ट आहे. शक्य आहे का?

उत्तर : अगदी शक्य आहे, आणि हट्ट चांगला आहे. साधारण ६० × ४० सेंटिमीटरचं, २० सेंटिमीटर खोल टब घ्या. डायनोसॉरांच्या काळातले वंश आजही रोपवाटिकेत मिळतात : नेचे, सेलाजिनेला, अरोकेरिया (‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात तेच), आणि हॉर्सटेल म्हणजे पेरापेरांचा हिरवा नळीसारखा इक्विसेटम. सकाळचं कोवळं ऊन या सगळ्यांना चालतं, दुपारच्या उन्हानं मात्र नेच्याच्या कडा करपतात. इक्विसेटम वेगळ्या कुंडीत लावून ती कुंडीच टबात पुरा. त्याचे जमिनीखालचे धुमारे एकदा मोकळे सुटले की दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. अरोकेरिया दोन-तीन वर्षांत टबाला जड होईल, तेव्हा त्याला स्वतंत्र कुंडी द्या.

सायकस या देखाव्याला सर्वांत शोभणारं झाड. तरीही लहान मूल किंवा कुत्रं असलेल्या घरात आम्ही ते सुचवत नाही. त्याचे सगळे भाग विषारी असतात, बिया सर्वाधिक, आणि पानांची टोकं नेमकी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. ‘ॲस्परॅगस फर्न’च्या नावालाही फसू नका. तो नेचा नाही, शतावरीच्या नात्यातलं फुलणारं झाड आहे. त्याला बारीक काटे असतात आणि त्याची लाल फळं खाण्याजोगी नसतात.

आता काळाचा हिशेब, कारण हा मुलगा तो विचारणारच. डायनोसॉर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आले आणि पक्षी वगळता ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. फुलझाडांचे खात्रीचे अवशेष साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. म्हणजे स्टेगोसॉरसच्या शेजारी फूल नको, पण टी-रेक्सच्या शेजारी बिनधास्त लावा. तो अगदी शेवटच्या टप्प्यातला. गवत डायनोसॉरांनंतरचं असं बराच काळ मानलं जायचं. पण मध्य भारतात सापडलेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचं संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे टबाच्या एका कोपऱ्यात थोडं गवत उगवलं तर उपटायची घाई करू नका. विष्ठेचा तपशील मुलाला इतर सगळ्यापेक्षा जास्त आवडेल हे वेगळं सांगायला नको.

ज्वालामुखी टबातल्या मातीत थेट करू नका. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की सोडियमचा क्षार उरतो. तो मातीत साठला की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि उडालेल्या व्हिनेगरनं पानांवर तपकिरी डाग पडतात. टबाच्या कडेला भोक नसलेलं एक रिकामं भांडं पुरून ठेवा. दगड आणि भाजलेल्या मातीचा डोंगर वेगळ्या ताटलीवर रचा, मध्ये २५० मिलिलिटरची बाटली बसवा आणि ती ताटली त्या भांड्यावर ठेवा. दोन मोठे चमचे सोडा, भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब, लाल रंग. वरून १०० मिलिलिटर व्हिनेगर. उद्रेक झाला की ताटली उचलून बाथरूममध्ये धुवायची. साबणामुळे फेस दाट होतो आणि सावकाश ओघळतो. धूर मात्र येणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

पुरून ठेवायला जीवाश्मही करता येतात. मळलेल्या मातीच्या लादीवर नेच्याचं पान दाबून उचला, भोवती पुठ्ठ्याची कड लावा. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी असं कालवून २ सेंटिमीटर जाड ओता. अर्ध्या तासात घट्ट होतं. घट्ट होताना प्लास्टर चांगलंच तापतं, म्हणून ‘हाताचा ठसा’ घ्यायला त्यात हात बुडवून ठेवू देऊ नका. त्यानं भाजण्याचे प्रकार घडले आहेत. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, आत जाऊन दगड होईल.

प्रश्न : अंगणात मुलांना बसता येईल असा वेलींचा तंबू करायचा आहे. गेल्या खेपेला बांबू लावले, बी पेरलं, पण वेल चढलेच नाहीत, झुडपासारखे खालीच राहिले. आणि एका वाऱ्यात सांगाडा तिरका झाला.

उत्तर : वेल चढले नाहीत याचं बहुधा एकच कारण : बी बुटक्या जातीचं होतं. चवळी आणि घेवडा या दोन्हींत झुडपी आणि वेलवर्गीय अशा वेगळ्या जाती असतात. पाकिटावर ‘वेल’ असा उल्लेख आहे का ते बघूनच घ्या. दुसरं कारण बांबूची जाडी. ४-५ सेंटिमीटरपेक्षा जाड आणि गुळगुळीत बांबूला कोवळ्या वेलाला विळखा घालता येत नाही. ३ सेंटिमीटरच्या आतल्या काठ्या घ्या, किंवा जाड बांबूवर सुतळी गुंडाळा.

सांगाड्याचं माप असं. जमिनीवर मधोमध खुंटी ठोका आणि ७५ सेंटिमीटर दोरीनं वर्तुळ आखा. हे काम मुलांचंच. परीघ साधारण ४७० सेंटिमीटर होतो. त्यात ७० सेंटिमीटरचं दार सोडा आणि उरलेल्या कडेवर ५० सेंटिमीटर अंतरानं ९ काठ्या उभ्या करा. प्रत्येक काठी २.४ मीटर, त्यातली ३० सेंटिमीटर जमिनीत. हा आकडा कमी केला की सांगाडा वाऱ्यात कलणारच. पहारीनं आधी भोक पाडा, काठी घाला आणि भोवतालची माती दगडानं ठोकून बसवा. टोकापासून २० सेंटिमीटर खाली सगळ्या काठ्या एकत्र बांधा. बांधताना दोरी प्रत्येक काठीभोवती एकदा फिरवून मगच पुढच्या काठीकडे न्या. नुसता बाहेरून वेढा दिला तर काठ्या एकमेकींवरून सरकतात. आत मधल्या भागात पावणेदोन मीटरच्या आसपास उंची मिळते. मग दार सोडून बाहेरून दर २५ सेंटिमीटरवर सुतळीचे आडवे फेरे घ्या. हे फेरे नसले तर वेल नऊ रेघांसारखे वर जातात आणि मधली जागा उघडी राहते. दार शक्यतो उत्तरेला ठेवा, म्हणजे दक्षिणेकडचं ऊन वेलींना मिळेल आणि आत सावली राहील.

काठीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, वीतभर रुंद पट्ट्यात शेणखत मिसळा; दर काठीला दोन ओंजळी बस्स. शेंगवर्गीय वेल हवेतला नत्र मुळांच्या गाठींतून स्वतःच मिळवतात. खत जास्त झालं की पानोळा माजतो, फुलं येत नाहीत. प्रत्येक काठीपाशी ३ सेंटिमीटर खोल तीन बिया पेरा, रोपं वितीएवढी झाली की जोमदार दोन ठेवून तिसरं कात्रीनं कापा. उपटलं तर शेजारच्या मुळांना धक्का बसतो. उबदार हवेत पाच ते आठ दिवसांत उगवण होते, तंबू भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. वेल टोकाला पोचले की शेंडे खुडा, त्याशिवाय खालून फांद्या फुटत नाहीत. तरीही बूड थोडं उघडं राहतंच, तिथे पहिल्या पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा बी टाका.

चवळीच्या जोडीला गोकर्ण किंवा गणेशवेल सुरेख दिसतात. गोकर्णाचं बी कठीण असतं, रात्रभर भिजवा. ते सावकाश वाढतं, म्हणून चवळीच्या दोन आठवडे आधी पेरा. भोपळा, दुधी यांच्या मोहात पडू नका, फळांच्या भारानं सांगाडा बसतो. चवळीवर काळा मावा हमखास येतो आणि त्याच्या मागे मुंग्या. पाइपच्या जोरदार धारेनं तीन-चार दिवस सकाळी तो झाडून टाकला की आटोक्यात राहतो. आत वाळकं गवत ५ सेंटिमीटर पसरा, पण आठवड्याला उचलून बदला. आणि आत शिरण्याआधी काठीनं दोनदा ठोकायचं, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी लावा. तंबूच्या कच्च्या शेंगा आणि बिया तोंडात घालायच्या नाहीत, हा दुसरा. घेवडा-राजमा वर्गातलं कच्चं बी थोडं खाल्लं तरी उलट्या होतात.

प्रश्न : मुलाचं नाव हिरव्या रोपांनी जमिनीवर लिहायचं आहे. मेथी टाकली, पण उगवली ती सगळीकडे. अक्षर काही दिसेना.

उत्तर : दोन गोष्टी. पहिली म्हणजे पाणी घालताना बी वाहून गेलं. दुसरी म्हणजे अक्षर लहान पडलं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि अक्षराच्या पोटात बारीक जागा असतात. रोपं बाजूला झुकली की या जागा बुजतात. अक्षर किमान ४५ सेंटिमीटर उंच, रेघ ५ सेंटिमीटर रुंद आणि पोटातली मोकळी जागा ८ सेंटिमीटरच्या वर ठेवा. शिरोरेषा रोपांची करण्याऐवजी विटांच्या तुकड्यांची किंवा पांढऱ्या दगडांची करा. अक्षरं सरळ येतात आणि बीही वाचतं. जोडाक्षरांचं लांबलचक नाव असेल तर घरातलं लाडकं नाव घ्या.

जमीन भुसभुशीत करून सपाट करा, पाणी आधीच घाला. काठीनं १ सेंटिमीटर खोल चर ओढा, ५ सेंटिमीटर रुंद करा. रात्रभर भिजवून निथळलेली मेथी पेरा. कोरडी मोजली तर दर मीटर चरीला दोन चहाचे चमचे. वर वेगळ्या रंगाची वाळू पातळ पसरा, म्हणजे उगवेपर्यंतही नाव वाचता येतं. पुढचे पाच दिवस झारी बंद, फक्त फवारा. जागा उताराची असेल तर मेथीऐवजी अळीव घ्या. ओला झाला की त्याला बुळबुळीत आवरण येतं आणि तो जागेवर चिकटून बसतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी नाव दिसतं, पंधरवड्यानंतर विस्कटतं. टिकाऊ हवं असेल तर त्याच चरीत चिनी गुलाबाच्या किंवा आल्टरनँथेराच्या फांद्या ८-१० सेंटिमीटरवर, दोन ओळींत तिरक्या जोडीनं खोचा आणि दर तीन आठवड्यांनी कात्रीनं कड धरा. चिनी गुलाबाला कडक ऊन हवं. सावलीत त्याचं नाव लांबट आणि फुलाविना होतं.

प्रश्न : फुलपाखरांची बाग केली. फुलं आली, फुलपाखरंही आली, पण लिंबाच्या रोपावर अळ्या पडल्या आणि पानं संपत आली. फवारणी करू का?

उत्तर : नका करू. त्या अळ्या म्हणजेच तुमची बाग. लिंबू आणि कढीपत्ता यांवर वाढणाऱ्या अळ्या पुढे मोठी, सुंदर फुलपाखरं होतात. नीलवंत त्यांच्यातलंच, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं की डोक्यामागून दुभागलेलं शिंगासारखं अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती चावत नाही, डंखही नाही. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावायचा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. कडुनिंबाचं तेलही ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजू नका, अळ्या त्यानंही मरतात.

फूटभराचं रोप चार-पाच अळ्या सहज फस्त करतात. एकाऐवजी तीन रोपं ठेवा आणि एकाची पानं संपली की अळी बसलेल्या फांदीसकट कापून दुसऱ्यावर ठेवा. उबदार हवेत अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी, दोन आठवड्यांत कोष आणि आठ ते बारा दिवसांत फुलपाखरू. कोषाआधी अळी बऱ्याचदा झाड सोडून चालू लागते. ‘अळ्या गायब झाल्या’ म्हणून मुलं रडतात ती याच वेळी. कुंडीभोवती उभ्या काड्या खोचून ठेवा आणि कुंडीच्या काठाखाली शोधा. काचेच्या बंद बरणीत कोष ठेवू नका, ओल साठून बुरशी येते. शिवाय बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख पसरून लोंबकळायला किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही तर पंख दुमडलेलेच वाळतात.

विकत आणलेल्या रोपांची एक अडचण असते. त्यांच्यावर आधीच आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असेल तर ते पानांत कित्येक आठवडे राहतं. अळ्या काळ्या पडून मरत असतील तर बहुधा तेच. बियांपासून केलेलं रोप उत्तम. मधासाठी झिनिया आणि कॉसमॉस एकेरी पाकळ्यांचे घ्या. गच्च दुहेरी फुलांत मधापर्यंत सोंडच पोचत नाही.

प्रश्न : जलपरीच्या बागेसाठी छोटं तळं करायचं आहे. मुलं तीन आणि पाच वर्षांची.

उत्तर : पाण्याचं तळं नको. लहान मूल ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. निळ्या-करड्या गोट्यांचा कोरडा ओढा करा, काठाला गवत लावा. ओलावा दिसायलाच हवा असेल तर पसरट भांडं काठोकाठ गोट्यांनी भरून त्यांच्या पातळीपर्यंतच पाणी घाला आणि दर आठवड्याला रिकामं करून भांडं घासा. नुसतं पाणी बदलून पुरत नाही, कारण डेंगी पसरवणाऱ्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

प्रश्न : ‘चेटकिणीची बाग’ करताना विचित्र फळं, काटे, रंगीत बिया असलेली झाडं हवीत. कोणती टाळावीत?

उत्तर : नेमकी तीच, जी आधी सुचतात. धोतरा, गुंज, एरंड, कण्हेर, पिवळी कण्हेर, कळलावी ही सहा झाडं मुलांच्या बागेत कुठल्याही निमित्तानं नकोत. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना मण्यांसारख्या ओवाव्याशा वाटतात. अख्खी गुळगुळीत बी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण भोक पाडलेली किंवा चावलेली बी जिवावर बेतू शकते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. डिफेनबाकियाचं पान चावलं की तोंड आणि जीभ सुजते. घाणेरीची कच्ची फळंही नकोत.

चेटकिणीला बिनविषारी झाडंही पुरतात : मखमली तुऱ्याचा कोंबडा, जांभळ्या पानांची तुळस, चटका न देणारा जांभळट राजगिरा, लाजाळू. (लाजाळूला बारीक काटे असतात, तेवढं सांभाळा.) आणि मुलानं काही खाल्ल्याची शंका आली तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता, खाल्लेल्या झाडाची फांदी सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा.

प्रश्न : शाळेत स्पर्श-गंधाची बाग करतो आहोत. वर्गात एक मुलगी पूर्ण दृष्टिहीन आहे, एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर. इतर सत्तावीस मुलांनाही ती आपली वाटायला हवी.

उत्तर : वाफे ६० सेंटिमीटर उंच घ्या. मुलाचा हात एका बाजूनं साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंतच पोचतो, म्हणून भिंतीलगतचा वाफा तेवढाच रुंद, दोन्हीकडून जाता येणारा ९० सेंटिमीटर. खुर्चीसाठी एका वाफ्याखाली गुडघे जातील अशी पोकळी सोडा, नाहीतर त्या मुलाला सतत अंग वळवून काम करावं लागेल. वाट १.२ मीटर रुंद, टणक आणि सपाट. खडीत चाक रुततं. वाटेच्या कडेला ७० सेंटिमीटर उंचीवर जाड दोर ताणा आणि प्रत्येक वाफ्याच्या आधी त्याला गाठ मारा : एका वाफ्याला एक गाठ, पुढच्याला दोन. वळणापाशी पायाखालचा पोत बदला, फरशीनंतर विटा.

झाडं निवडताना गर्दी टाळा. पाच सुवासिक झाडं शेजारी लावली की एकही वास ओळखू येत नाही. वासाच्या झाडांत दीड मीटर अंतर असू द्या. पानओवा जाड, लवदार आणि चुरडला की तीव्र वासाचा, म्हणून पहिल्या वाफ्यात. पुदिना कुंडीसकट पुरा, नाहीतर वर्षात वाफा त्याचाच होतो. गवती चहाच्या पात्याच्या कडा कापतात, तो मागे लावा आणि कापलेला तुकडा हातात द्या. कोरफडीची काटेरी कडही हातापासून दूर. लाजाळूची पानं मिटतात ती देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींतून पाणी निघून गेल्यामुळे, आणि पुन्हा उघडायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. एकाच रोपाला तीस मुलांनी दिवसभर छेडलं तर ते खंगतं. चार-पाच कुंड्या ठेवा आणि पाळीपाळीनं बाहेर आणा. मधमाश्यांना आवडणारी फुलं हाताच्या कडेला लावू नका, न बघता हात घालणाऱ्या मुलाला डंख बसेल. आधाराच्या प्रत्येक काठीच्या टोकाला रबरी टोपण किंवा छोटा चेंडू बसवा. ब्रेल पाट्या वाफ्याच्या पुढच्या कडेवर, किंचित तिरक्या. मातीत खोचलेली पाटी शोधताना रोपच मोडतं.

प्रश्न : पहिले चार दिवस उत्साह, मग बाग आमच्याच गळ्यात. सहावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. काय करावं?

उत्तर : सुरुवातीलाच पेरणीचा वेग मिसळा. तीन-चार दिवसांत उगवणारं काही (मोहरी, मुळा), सहा ते आठ आठवड्यांत फुलणारं काही (कॉसमॉस, झिनिया) आणि एखादं सावकाश झाड. फक्त सावकाश झाडं असलेली बाग पहिलीतल्या मुलाच्या लेखी रिकामीच असते. कामं वयाप्रमाणे वाटा. त्याला मोठ्या बिया आणि एक लिटरची झारी. त्याहून मोठी झारी त्याला पेलत नाही आणि मग पाणी एकाच जागी बदाबदा पडतं. तिला आराखडा, मोजमाप आणि नोंदी. निम्मी जागा मुद्दाम मोकळी सोडा. पहिल्याच रविवारी पूर्ण झालेल्या बागेत दुसऱ्या रविवारी करायला काही उरत नाही. मेलेलं रोप रात्रीतून गुपचूप बदलू नका. उपटून मुळं बघा : तपकिरी, मऊ असतील तर पाणी जास्त झालं, कोरडी, ठिसूळ असतील तर कमी. मुलांना हा तपास बागेइतकाच आवडतो.

प्रश्न : आम्ही दोघं संध्याकाळी सातनंतर घरी येतो. मुलांसोबत बाग बघायला अंधारच मिळतो. काही करता येईल?

उत्तर : चांदण्यातली बाग करा. पांढरी आणि रात्री उमलणारी फुलं, करड्या-रुपेरी पानांची झाडं, वाटेला पांढरे गोटे. मोगऱ्याला दिवसा पाच-सहा तास ऊन लागतं, तेवढं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. निशिगंधाचे कंद ५ सेंटिमीटर खोल लावले की तीन-चार महिन्यांत दांडे येतात. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलते आणि रात्रभर उघडी राहते. तिच्या काळ्या बिया आणि मुळं विषारी, म्हणून फार लहान मूल असेल तर बिया धरण्याआधीच फुलं खुडा. रातराणीचा वास बंद खोलीच्या खिडकीशी असह्य होतो, दम्याच्या मुलाला त्रासही होऊ शकतो आणि तिची पांढरी फळं खाण्यातली नाहीत. लावायचीच तर घरापासून लांब. रात्री फुलणारं ब्रह्मकमळ पानापासून होतं, पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. बघण्यासाठी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, पतंग पांढऱ्या उजेडापेक्षा लाल उजेडाला कमी बुजतात. आणि रोपांना पाणी मात्र सकाळीच. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.